पाळीवर बसून मासेमारी

आमच्या गावचा तलाव हिवाळ्यात फार सुरेख दिसायचा. नितळ पाणी, काठाला कमळाची पानं, पलीकडे जंगल आणि अलीकडे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, शेकोटीभोवती बसलेले आमचे मासेमार. या मासेमारांचा पाय कधी पाण्याला लागत नसे. तलाव इतका नितळ राहायचा तो त्यामुळेच, असं मला तेव्हाही वाटे.

गाव सिंदेवाहीच्या बाजूचं. जिल्हा तेव्हा एकच होता, चांदा. धानाची मळणी आटोपली की पुरुषांना करायला काही उरत नसे, बोलायला मात्र पुष्कळ उरे. देशात योजना आखायचे दिवस होते. आमच्या पाळीवरही रोज सकाळी एक आखली जाई.

त्या वर्षी योजनेचं कारण होती माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. बाई बाळंतपणाला माहेरी आली होती. आदल्या वर्षी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, सातव्या महिन्यात. या खेपेला सातवा लागला आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. भाताची वाफ आली तरी तोंडाला पदर. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. आईच्या चेहऱ्यावर आदलं वर्ष दिसायचं. अशात एका सकाळी बाई आपण होऊन म्हणाली, "माय, मले झिंगे खावासे वाटते. आपल्या तलावातले."

झिंगे म्हणजे तलावातली बारीक कोळंबी. आईला काय आनंद झाला! तिनं लगेच मसाल्याचा पाटा धुवायला घेतला. डोहाळे पुरवणं माहेरच्या पुरुषांचं काम. नाही पुरवले तर पोराचे कान फुटतात, असं सारं गाव मानायचं. बाबांनी जाळं खांद्यावर टाकलं आणि मामाला हाक मारली.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. थंडीभर त्याचा मुक्काम आमच्याकडेच असे. त्यानं मासा पकडलेला कोणी पाहिला नव्हता, पण मासा का मिळाला नाही हे त्याच्याइतकं नेमकं कोणालाच सांगता येत नसे. पाळीवरचे तिसरे होते जंगल खात्याचे एक कारकून. समुद्रकाठचा माणूस बदलीवर आमच्या जंगलात येऊन पडला होता. आमच्या तलावाकडे ते नेहमी दयेनं बघत.

बाबांनी पाळीवरून जाळं फेकलं. कमळाचे देठ आले.

"थंडी हाय ना भाऊजी," मामा हात शेकत म्हणाला, "मासा खाली बसून राह्यला."

दुसऱ्या दिवशी पूर्वेचा वारा होता, आणि त्या वाऱ्यात मासा म्हणे तोंड उघडत नाही. मग ढग आले, तेव्हा मासा सुस्तावला. मग आभाळ लख्ख झालं, तर मामा म्हणाला, "आता कसा भेटन? मासा जाळं पाहून राह्यला!" देवानं हवेचा एखादा पाचवा प्रकार काढला असता, तरी मामानं त्यात खोट काढली असती.

कारकुनांचं निदान आणखी खोल होतं. "मुळात इथे भरती-ओहोटीच नाही," ते म्हणत. "आमच्याकडे ओहोटीला माणूस नुसता पाय मोकळे करायला गेला, तरी कालवणापुरतं घेऊन परततो. तुमच्या माशांना शिस्तच नाही."

बाबा दोघांनाही मान डोलवत. माझे बाबा भला माणूस, पण भल्या माणसाला मान डोलवायची सवय फार. पाळीवरून जाळं जेमतेम काठाशी पडतं, दोन पावलं आत उतरून ओढलं तर काही लागेल, हे तिघांनाही दिसत होतं. पण ते बोलून दाखवणाऱ्यालाच आधी उतरावं लागलं असतं.

कारकुनांचं मन मात्र चांगलं. त्यांनी घरून आलेले सुके बोंबील बाईसाठी पाठवले. पुडी उघडली आणि सकाळी पोटात गेलेली पेजही बाईनं ओकून टाकली. कारकून दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. त्यांना तो समुद्राचा अपमान वाटला.

एक दिवस दुपारी जेवून मामा अंगणातल्या उन्हात आडवा झाला होता आणि उद्या वारा कुठून सुटेल ते बाबांना सांगत होता. बाई आतून ऐकत होती. ती भिंतीचा आधार घेत उठली, दांडीवरचं जुनं लुगडं ओढलं आणि मला म्हणाली, "चाल."

"कुठी?"

"झिंग्याले."

आई आडवी आली. "दोन जिवाची बाई पाण्यात उतरते का?"

"मंग कोन उतरते? सांग."

आईनं पदर खोचला. तीही आमच्याबरोबर निघाली.

पाण्यात पाय घातला आणि थंडी थेट डोक्यात गेली. गुडघाभर पाण्यात लुगड्याचं एक टोक बाईनं धरलं, एक मी, आणि आईनं मागून बाईची कंबर धरली. गवतातून लुगडं ओढत काठाशी आणलं, उचललं. चिखल, शेवाळ आणि त्यात टणाटणा उड्या मारणारे झिंगे! बाई खदखदून हसली. माहेरी आल्यापासून तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी कालवणाचा वास घरभर सुटला. मामा हात धुऊन हजर. "म्या तं सांगतलोच होतो," तो म्हणाला, "दुपारी ऊन धरलं का झिंगे काठाले येते."

आमच्या घरात आधी पुरुष जेवत आणि उरलेलं बायका. झिंगे उरले नसते. आईनं पहिलं ताट वाढलं, बाबांच्या पाटावर बाईला बसवलं आणि ताट तिच्यापुढे ठेवलं. मामानं बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीशी जाऊन बसले. बाई जेवली. आता ओकेल, मग ओकेल म्हणून आम्ही तिच्याकडेच बघत होतो. तिनं आणखी भात मागितला. मला रडू आवरेना.

बाबा हळूच म्हणाले, "पाणी थंडं होतं का, पोरी?"

"होतं ना बाबा. लय थंडं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण बाबा नुसत्या रश्शाशी भात जेवून उठले.

फाल्गुनात बाईला मुलगी झाली, आणि भाचीचे कान इतके तिखट निघाले की घरात कुजबुजायची सोय राहिली नाही. पण त्याआधीची, झिंगे खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ माझ्या मनातून जात नाही. धुक्यात बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. दात वाजत होते, तरी जाळं ओढत होते. पाळीवर शेकोटीपाशी मामा आणि कारकून बसले होते.

"भाऊजी," मामा ओरडला, "आज हवा काई बरोबर नाई. मासा भेटनार नाई!"

बाबांनी मागे पाहिलं नाही. "नाई भेटला तं नाई भेटला," ते म्हणाले. "पन माही पोरगी आता पाण्यात नाई उतरनार."