छेदीलालचाचांच्या शाळेची जागा

सरकारी ऑफिसातले किस्से गोळा करावे लागत नाहीत, कपाटावरच्या फायलींसारखे आपोआप साठतात. आमच्याकडे जरा जास्तच साठले, कारण आम्ही हजरतगंजात तिसऱ्या मजल्यावर बसून नेपाळच्या सीमेलगतचं तराईचं जंगल सांभाळत होतो! खात्याचं नाव विचारू नका. मी मूळची साताऱ्याची, नवरा फौजेत, म्हणून लखनौ. दोन हजार दहाच्या आसपास मला तिथे जुने कापडी नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचं कंत्राटी काम मिळालं. त्याआधी मला जंगल थोडंफार कळत होतं.

*

पहिल्याच आठवड्यात छेदीलालचाचा आले. त्यांच्या आजोबांना खात्यानंच रोपं लावायला जंगलात नेऊन वसवलं होतं. झाडं वाढली, वस्तीही वाढली. पोरं झाडाखाली शिकायची आणि पावसाळ्यात शाळा बंद. चाचांना एक पक्की खोली बांधायची होती, पण त्यासाठी जमीन कुणाची ते लेखी हवं होतं.

मी नकाशा उघडला. वस्तीच्या जागी नदी.

"चाचा, यहाँ तो नदी है."

"थी," चाचा शांतपणे म्हणाले. "अब उधर चली गई. हमसे पूछ के थोड़े ही गई."

*

त्रिपाठीजी आमचे सगळ्यात जुने सर्व्हेअर. त्यांना विचारलं, तर म्हणाले, नियम सोपा आहे, नदीच्या मध्यापर्यंत जंगल.

"पण नदीच सरकली ना!"

"तो जंगल भी सरक गया, मैडम." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

तेलीबागेत घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो गंभीर झाला. "आमच्याकडे सीमा चार हात सरकली तर गोळीबार होतो."

"आमच्याकडे चहा येतो," मी म्हटलं.

*

मग मला वाटलं, विज्ञानाला विचारू. उपग्रहानं टिपलेला फोटो उघडला. वस्तीभोवती सगळं हिरवंगार. मी उत्साहानं साहेबांना 'घनदाट जंगल' असा रिपोर्ट दिला. तो ऊस निघाला.

साहेब चिडले. "इतना भी फ़र्क नहीं दिखता?"

त्रिपाठीजी माझ्या बाजूनं बोलले, "सर, बाघिन भी धोखा खा जाती है. बच्चे गन्ने में ही देती है."

साहेबांनी फायलीवर शेरा मारला, 'पुन्हा तपासावे.' मला की वाघिणीला, ते लिहिलं नव्हतं.

*

शेवटी आम्ही प्रत्यक्ष गेलो. हद्दीचे दगड सापडले की निकाल लागेल, अशी चाचांना फार आशा होती. ते स्वतः कोयता घेऊन पुढे चालत होते. दोन तास झुडपं तोडली, एकही दगड नाही.

सापडले ते वनरक्षकाच्या चौकीच्या अंगणात. ओळीनं मांडलेले, चुना लावलेले, नंबर घातलेले.

"बाढ़ में बह जाते थे," वनरक्षक अभिमानानं म्हणाला, "तो हमने सब यहीं रख लिए. एक भी नहीं खोया, मैडम."

त्रिपाठीजींनी नोंद केली, 'दगड सुस्थितीत.' चाचा खाली बसले. मला त्या दिवशी अजिबात हसू आलं नाही.

*

पुढचा पावसाळाही गेला, आणि एकदाचं आमच्या ऑफिसातून पत्र निघालं, 'सदर जमीन आमच्या हद्दीत येत नाही.' मी आनंदानं ते चाचांच्या हातात दिलं आणि जंगलाची नाही म्हणजे महसुलाची, म्हणून तहसीलमध्ये जायला सांगितलं.

काही आठवड्यांनी ते तहसीलचं पत्र घेऊन आले. 'सदर जमीन महसूल विभागाची नाही.'

मी दोन्ही पत्रं वाचली आणि त्रिपाठीजींकडे सरकवली. त्रिपाठीजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. साहेब केबिनबाहेर आले, त्यांनीही वाचलं. म्हणाले, "चाचा, ये तो बड़ी गड़बड़ हो गई. फिर से अर्ज़ी देनी पड़ेगी."

"मुहर दोनों पर असली है, साहब?"

"असली है."

चाचांनी दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात सरकवली.

"तब तो मना करने वाला कोई बचा ही नहीं," ते म्हणाले. "स्कूल की छत परसों डलवा दी. कभी देखने आइए."