जिन्यावरचा हंस

माझी आत्या बसस्थानकावर कामाला होती, पण बसशी तिचा काडीचा संबंध नव्हता. लोक बसमध्ये जे विसरून जातात, त्याच्याशी होता. स्थानकाच्या एका टोकाला, मुतारी आणि चहाचं दुकान यांच्यामधे एक खिडकी होती आणि त्या खिडकीमागे आत्या. छत्र्या, डबे, एकेकटे बूट, कवळ्या. एकदा तर लग्नाचा आख्खा केक आला. दुसऱ्या दिवशी केकची मालकीण धापा टाकत आली, तर आत्यानं तिला खूण विचारली. "वर काय लिहिलं होतं?" त्या बाईनं दोन नावं सांगितली. "आधी कुणाचं?" बाई रडायलाच लागली. आत्या म्हणाली, "रडू नका. पण आधी कुणाचं?"

ती कठोर नव्हती. तिला फक्त खोटं बोलता येत नसे आणि नियम मोडता येत नसे, जसं काहींना शीळ घालता येत नाही. नको असलेला फोन आला की बाबा खुणेनं सांगायचे, घरी नाही म्हण. आत्या फोनवर म्हणायची, "तो घरी नाही असं सांग म्हणतोय." बाबांचे दोन-तीन मित्र असेच तुटले.

ती निवृत्त झाली तेव्हा बाबांनी तिला जहाजाची सहल भेट दिली. आठवडाभर समुद्र, मधे मधे बंदरं. एकटी कशी जाणार म्हणून सोबतीला आई आणि मी. बाबा आले नाहीत. त्यांना बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं.

जहाजावर रोजच्या जेवणाचा मोठा हॉल होता आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर एक खास रेस्टॉरंट होतं. आम्ही एका संध्याकाळी तिथे गेलो. आत्यानं भाजलेला मासा मागवला. मासा आला तो ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. आत्यानं निष्ठेनं अर्धा संपवला आणि हात टेकले. वेटर ताट उचलायला आला.

"कुठे नेताय?" आत्यानं विचारलं.

"आत, बाई."

"आत म्हणजे?"

वेटरनं जरा इकडे तिकडे पाहिलं. "आत एक यंत्र आहे. उरलेलं सगळं त्यात जातं, त्याची पेज होते. मग खोल समुद्रात गेलो की सोडतात."

आत्यानं ताटाची कड धरली. "याचा मालक अजून इथेच बसलाय," ती म्हणाली.

वेटरला वाईट वाटलं नाही, उलट तो खुलला. उरलेलं बांधून मागणारं तिथे कुणी भेटतच नसावं. तो आत गेला आणि बऱ्याच वेळानं एक चंदेरी हंस घेऊन आला. फॉइलचा. लांब मान, उभारलेले पंख, शेपटीला चुण्या. मासा आणि बटाटे त्याच्या पोटात होते. आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्या कानात म्हणाली, "आता हा माझ्या खोलीत झोपणार."

झोपला. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये, मान जरा तिरकी करून.

सकाळी जहाज बंदराला लागलं. आत्यानं ठरवलं, गावात एखाद्या बाकावर बसून दुपारी मासा संपवायचा. जहाजातून धक्क्यावर उतरायला लोखंडी जिना होता. दोन्ही बाजूंना कठडे, आणि मधोमध, जिथे जिना वळत होता, तिथे एक चौकोनी कट्टा. वरच्या तोंडाशी पहारेकरी उभा होता. त्यानं आमची कार्डं यंत्राला लावली, यंत्र टुंग वाजलं, आम्ही उतरलो. पुढे आत्या, तिच्या हातात हंस, मागे आई आणि मी.

खाली टेबल मांडून बंदराची तपासनीस बाई बसली होती. तिनं हंसाकडे पाहिलं. "हे काय?"

"हंस," आत्या म्हणाली.

"आत काय आहे?"

"मासा. आणि बटाटे."

"जहाजावरचं अन्न जमिनीवर आणायला बंदी आहे. रोगराई पसरते."

"मग टाका इथे, वन्सं," आईनं जवळच्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं.

तपासनीस बाई उठूनच उभी राहिली. "जहाजाचा कचरा जमिनीवर टाकायलाही बंदी आहे!"

"अहो, पण हे अन्न आहे की कचरा?"

"हातात आहे तोवर अन्न. हातातून सुटलं की कचरा. बंदी दोन्हीला."

आई वाद घालायला पदर खोचणारच होती, पण आत्यानं मान डोलावली. "नियम रास्त आहे," ती म्हणाली आणि उलटी फिरून जिना चढू लागली. आम्ही मागोमाग.

वर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. तो उंच, सडपातळ, अत्यंत सभ्य माणूस होता. "माफ करा बाई. बाहेरचं अन्न जहाजात नेता येत नाही."

"बाहेरचं नाही हो," आई म्हणाली, "तुमच्याच रेस्टॉरंटचं आहे. पाच मिनिटांपूर्वी तुमच्याच समोरून खाली गेलं!"

"बरोबर. आत होतं तोवर आमचं होतं. आता ते बाहेर जाऊन आलंय. तिथे त्यानं काय केलं, कुणाला भेटलं, मला काय माहीत?"

"आम्हीसुद्धा बाहेर जाऊन आलोच की!"

"तुमची कार्डं आहेत. कार्ड लावलं की टुंग वाजतं, म्हणजे गेला तोच माणूस परत आला." तो हंसाकडे वळला. "याचं कार्ड आहे का?"

आत्या विचार करत होती. तिलाही त्याचं म्हणणं पटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि खाली प्रत्यक्ष समुद्र. आई कुजबुजली, "सोडा पाण्यात. कुण्णी बघत नाही." आत्यानं समोरच्या कठड्यावरची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली: पाण्यात काहीही टाकू नये.

"मग खाऊन टाका!"

आत्याची न्याहारी भरपेट झाली होती. तरी ती खाली कट्ट्यावर येऊन थांबली आणि हंसाचा पंख उचलायला लागली.

"बाई, जिन्यावर खायला मनाई आहे!" वरून पहारेकरी म्हणाला. "लोक घसरतात."

"आणि काटा खाली पडला तर बंदरात पडेल!" खालून तपासनीस बाई ओरडली. त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. त्यांनी एकमेकांना हात केला.

तपासनीस बाई तशी वाईट नव्हती. थोड्या वेळानं ती चार पायऱ्या चढून आली आणि हळूच म्हणाली, "आत मासा आहे हे तुम्ही सांगितलंत म्हणून घोडं अडलं. नुसता शोभेचा हंस असता, तर मी काही बघितलं नसतं."

"शोभेचाच आहे!" आई उत्साहानं म्हणाली. "आत काही नाही. पोकळ आहे पोकळ."

तपासनीस बाईनं आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "मासा आहे. आणि बटाटे."

आईनं कपाळावर हात मारला. पण ती हरणारी नव्हती. मला घेऊन ती जहाजाच्या स्वागतकक्षात गेली. काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "आमच्यासोबत एक जण आहे, त्याला कार्ड हवंय."

मुलीनं हसून विचारलं, "नाव?"

"हंस."

"जन्म कधीचा?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "कालचा," ती म्हणाली. "संध्याकाळचा."

मुलीचं हसू तसंच राहिलं, फक्त भुवया वर गेल्या. "माफ करा हं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना जहाजावर परवानगी नाही. तो आत कसा आला?"

"झालं," आई मला बाहेर ओढत म्हणाली, "आता त्याच्या जन्माचीही चौकशी लागेल."

आम्ही परत आलो तर आत्या कट्ट्यावर खुर्चीवर बसली होती. खुर्ची पहारेकऱ्यानं दिली होती. ऊन लागतं म्हणून तपासनीस बाईनं स्वतःची छत्री दिली होती. मांडीवर हंस. ना जमिनीवर, ना जहाजावर. त्रिशंकूसुद्धा इतका नीटनेटका बसला नसेल.

"तुम्ही जा गाव बघायला," आत्या म्हणाली. "मला सवय आहे."

"कसली सवय?"

"मालक येईपर्यंत वस्तू धरून बसायची."

"अहो वन्सं, मालक तुम्हीच आहात!"

"म्हणूनच जास्त जबाबदारी," आत्या म्हणाली.

तिला सोडून गाव कसलं बघणार? आम्ही पायऱ्यांवरच बसलो. आणि मग जे होऊ लागलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. एक बाई चढताना थांबली, म्हणाली, "खाली हा हातमोजा पडला होता. तुमच्याकडे द्यायचा का?" आत्यानं सवयीनं हात पुढे केला. मग कुणी गॉगल दिला. कुणी टोपी. एक आजोबा टोपी शोधत आले. आत्या म्हणाली, "आतल्या बाजूला काय आहे?" आजोबा म्हणाले, "घामाचा डाग." "कुठल्या अंगाला?" आजोबा टोपी डोक्यावर नसतानाही डोकं चाचपून बघू लागले. "डाव्या," ते म्हणाले. टोपी मिळाली. दुपारपर्यंत पहारेकरीच लोकांना सांगू लागला, "हरवलंय? खाली बाई बसल्यात, त्यांना विचारा." आत्याच्या गालावर लाली चढली होती. निवृत्त झाल्यापासून मी तिला इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी जहाज सुटायची वेळ झाली. भोंगा वाजला. आत्या हलली नाही. कप्तान स्वतः आला. पहारेकऱ्यानं त्याला एक बाजू सांगितली, तपासनीस बाईनं दुसरी, आईनं दोन्हींच्या विरुद्ध तिसरी. कप्तानानं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला हंस आत घेता येईना, बाहेर ठेवता येईना, आणि आत्याला हंसाशिवाय यायचं नव्हतं.

शेवटी जिना उचलणारा खलाशी वैतागला. "साहेब, मला जिना वर घ्यायचाय. त्याच्यावर हंस असो नाहीतर हत्ती. बाईंना फक्त उतरवा."

कप्तान हळूहळू म्हणाला, "जिना उचलताना त्यावर माणूस नसावा असा नियम आहे. वस्तूबद्दल काही लिहिलेलं नाही."

"आणि जिना जहाजाचाच आहे," पहारेकरी म्हणाला. "म्हणजे हंस आत येणार नाही. जिना आत येईल. हंस जागचा हलणारच नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं आई आजही शपथेवर सांगते.

आत्यानं गळ्यातला स्कार्फ काढून हंस कठड्याला बांधला, खुर्ची उचलली, छत्री परत केली आणि वर आली. तिचं कार्ड टुंग वाजलं. साखळ्या खडखडल्या. जिना हलला आणि त्यावर बसून हंस वर येऊ लागला. मावळतीचं ऊन त्याच्या पंखांवर पडलं होतं. कठड्याला टेकलेले शेकडो प्रवासी टाळ्या वाजवत होते. खाली तपासनीस बाईनं टेबलाची घडी घातली आणि दोन्ही हात हलवले.

आत्यानं हंस सोडवून घेतला आणि पंख उचलला. दिवसभर उन्हात बसलेल्या माशाचा वास असा आला, की कप्तान टोपी घालून लगबगीनं निघून गेला.

"आता हे खाता येणार नाही," पहारेकरी हळहळला.

"नाही," आत्या म्हणाली. "यंत्र कुठे आहे?"

स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत रबरी हातमोजे घातलेला एक गडी उरलंसुरलं निवडत होता. मासा इकडे, काटे तिकडे, फॉइल वेगळ्या डब्यात. आत्यानं हंस स्वतः उलगडला. आधी मान, मग पंख. चंदेरी कागद तळहातानं सपाट केला. मासा आत पडला, यंत्र गुरगुरलं आणि थांबलं. आत्या क्षणभर उभी राहिली. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण अर्धवट राहिलेलं काम पुरं झाल्यासारखंही.

जेवायच्या हॉलमध्ये तिनं सूप तेवढं घेतलं. आई दिवसभराचा राग गिळून बसली होती. तिला राहवेना. "वन्सं, एवढा काय चविष्ट होता हो तो मासा?"

आत्यानं चमचा खाली ठेवला. "खरं सांगू, वहिनी? खारट होता. म्हणून तर अर्धा उरला."

"आणि त्यासाठी तुम्ही दिवसभर उन्हात..."

"खारट निघाला म्हणून का वाऱ्यावर सोडायचा?"

आईनं पुढचा अर्धा तास माझ्याशीसुद्धा बोलणं टाकलं.

पुढच्या बंदराला लागायच्या आधी भोंग्यावरून सूचना झाली: प्रवाशांनी कोणताही पक्षी, खरा अथवा खोटा, जहाजाबाहेर नेऊ नये. आत्यानं ती पडून ऐकली, "योग्य आहे," म्हणाली आणि कूस बदलली. ती उतरलीच नाही. आई आणि मी गेलो. धक्क्यापासून जवळच एका खाणावळीत बसलो. तिथल्या मालकानं वाढलं ते घरच्या माणसांना वाढावं तसं. अर्ध्यावरच आमचं पोट भरलं. मालक प्रेमानं म्हणाला, "राहिलेलं बांधून देऊ का?"

"नको!" आई इतक्या जोरानं ओरडली की शेजारच्या टेबलावरचं बाळ रडायला लागलं. मग तिनं माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. "संपव. शीतसुद्धा राहता कामा नये."

आम्ही संपवलं. मग कठडा धरून, दर तीन पायऱ्यांवर थांबत, जिना चढलो. पहारेकऱ्यानं आमचे रिकामे हात पाहिले. मग आमच्या पोटांकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर हळूहळू आठी उमटू लागली.

"खबरदार काही विचारलंत तर," आई म्हणाली आणि कार्ड यंत्राला लावलं.

टुंग वाजलं.