कँटीनच्या पडद्यावरचं शून्य

चूक माझी होती. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात शिवरात्रीला उपास असलेली माणसं दुपारी उपाशीच रांगेत उभी राहिली, ती माझ्यामुळे. बोलणी मात्र कँटीन चालवणाऱ्या भाऊंनी खाल्ली.

भाऊ तळेगावातल्या मुसलमान कुटुंबातले, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. सगळा कारखाना त्यांना भाऊच म्हणतो. माझ्या आधीच्या कंपनीतही कँटीन त्यांचंच होतं. ती नोकरी सुटल्यावर मी लोणावळ्यात घरी बसून दुकानदारांची संगणकाची किरकोळ कामं करत होतो. भाऊंनी या कारखान्याच्या मॅनेजरकडे माझं नाव सांगितलं, म्हणून मला इथलं संगणकाचं काम मिळालं. पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून जेवू घातलं. तेव्हा माझ्या घरात काय परिस्थिती होती ते मला ठाऊक आहे, म्हणून ते जेवण मी विसरलेलो नाही.

काम साधं होतं. रोजचं जेवण शिफ्टच्या यादीवरून व्हायचं, पण उपासाचं वेगळं. साबुदाणा रात्रीच भिजत घालावा लागतो. त्यासाठी भाऊ आदल्या दिवशी शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहून एकेकाला विचारायचे, "उद्या उपास हाय का रं?" त्याऐवजी आता गेटवरच्या हजेरीच्या मशीनवर मी एक बटण बसवलं. ज्याला उपास त्यानं ते जाताना दाबायचं, आणि आकडा कँटीनच्या पडद्यावर दिसायचा. कँटीन गेटला लागूनच, त्यामुळे संगणक एकच होता, पडदे दोन.

संगणक जुना होता. शिफ्ट सुटली की सगळे एकदम गेटवर यायचे, आणि तो प्रत्येक नोंद डिस्कवर लिहीत बसला की रांग खोळंबायची. म्हणून मी डेटाबेस डिस्कवर न ठेवता थेट मेमरीत ठेवला. रांग पळायला लागली. पुढे कँटीनचा पडदा अधूनमधून अडकायचा आणि सोबत गेटही बंद पाडायचा, म्हणून मी एका प्रोग्रॅमचे दोन केले, एक गेटचा, एक कँटीनचा. दोघांना डेटाबेसचं नाव तेच दिलं आणि निर्धास्त झालो.

इथेच मी चुकलो. मेमरीतला डेटाबेस हा ज्या प्रोग्रॅमनं उघडला त्याच्यापुरता असतो. दुसऱ्यानं त्याच नावानं मागितला, तर संगणक तक्रार करत नाही. तो मुकाट्यानं एक नवा, कोरा डेटाबेस उघडून देतो. दोन घरांत पिठाचे डबे सारखेच असले, म्हणून या घरात भरलेलं पीठ त्या घरात सापडत नाही. प्रोग्रॅम एकच होता तोवर डबाही एकच होता. मी घर वेगळं केलं आणि पीठ आपोआप पोचेल असं धरून चाललो. हे मी शिवरात्रीच्या दोनच दिवस आधी केलं होतं आणि मधे कुणाचा उपास नव्हता, त्यामुळे पडद्यावरचं शून्य खरंच वाटलं.

शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी भाऊ केबिनमध्ये आले.

"साहेब, उद्या शिवरात्र. हितं शून्य दिसतंय. एक बी माणूस न्हाई?"

"घरून डबा आणणार असतील, भाऊ."

"समदेच? सोमवार धरणारे बी?"

"भाऊ, मशीन चुकत नाही."

"तुमी म्हनता तर तसं," म्हणून ते गेले. साबुदाणा भिजला नाही.

दुसऱ्या दिवशी उपासवाल्यांची रांग लागली आणि भाऊंकडे त्यांना द्यायला काहीच नव्हतं. रांगेतून एकजण म्हणाला, "भाऊ, ईदचा शीरखुर्मा बरा ध्यानात ऱ्हातो. आमचा शंकरच कसा इसरता?" काहीजण हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. मॅनेजर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पडदा बघायचे कष्ट पण होत नाहीत का तुम्हाला?"

मी धावत गेटच्या पडद्याकडे गेलो होतो. तिथे आकडा मोठा होता. काय झालं ते मला तिथेच कळलं. परत येऊन मी बोलायला हवं होतं. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आदल्या दिवशी आपण मला विचारलं होतं, हे त्यांनी सांगितलं असतं तर माझं काम गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "चुकलं. पाव तास दम धरा, भगर टाकतो." उपासाची भांडी ते वेगळीच ठेवायचे. ती काढून त्यांनी भगर आणि दाण्याची आमटी केली आणि स्वतः वाढली. मी तीही खाली मान घालून खाल्ली.

त्याच दिवशी मी डेटाबेस सांभाळणारा एक तिसरा छोटा प्रोग्रॅम बसवला. गेट त्यालाच सांगायचं आणि कँटीन त्यालाच विचारायचं. ऑफिसला कळवलं, "किरकोळ सुधारणा केली."

मशीन सुधारलं, माणसं नाही. पुढे अंगारकी आली. आदल्या दिवशी मी मुद्दाम गेटवर थांबलो. माणसं बटणाकडे न बघता जात होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "भाऊंच्या भरवशावर उपाशी मरायचंय व्हय? डबा आण." कँटीनच्या पडद्यावर पुन्हा शून्य होतं, आणि या वेळी ते बरोबर होतं. त्याच संध्याकाळी मॅनेजर मला म्हणाले, कँटीन दुसऱ्या कुणाला द्यायचा विचार आहे, लोकांचा विश्वास उडालाय.

मी त्यांना तिथेच सगळं सांगितलं. काम जाईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? बाहेर सांगा."

अंगारकीच्या दुपारी, उपासवाले कँटीनमध्ये आपापले डबे उघडून बसले असताना, मी रांगेपुढे उभा राहिलो. भाऊ हातात पळी घेऊन मला बाजूला व्हायची खूण करत होते.

"शिवरात्रीला तुम्ही बटणं दाबली होती," मी म्हणालो. "ती भाऊंपर्यंत पोचलीच नाहीत. माझं काम चुकलं होतं. भाऊंनी आदल्या दिवशी मला विचारलं, मी त्यांना गप्प केलं. दुपारी मला सगळं कळलं, तरी मी बोललो नाही."

"मंग इतकं दिवस मौनाचा उपास धरलाता का, साहेब?" मागून कुणीतरी म्हणालं. या वेळी कुणी हसलं नाही.

मी भाऊंकडे वळलो. "भाऊ, मला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा तुम्ही काम मिळवून दिलंत. आणि तुम्हाला तुमच्याच माणसांचं ऐकून घ्यावं लागलं ते माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."