आक्कांचं माहूर आणि जनरेटरचे तास

काही घरांत रद्दी साचते, काही घरांत रिकाम्या बरण्या साचतात. आमच्या घरात गेल्या वर्षभरात एका जनरेटरचे किस्से साचले आहेत. कोणी मुद्दाम जमवले नाहीत. पाहुणे आले, चहा झाला, की मामा म्हणतात, "मेघा, ते लातूरच्या नवरीचं सांग गं," आणि एक निघाला की त्याच्या मागून दुसरा येतोच. मी स्वभावाने सावध आहे, त्यामुळे जे स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगते. मामांच्या आवृत्तीत माणसे जास्त असतात आणि आवाजही!

आधी थोडी ओळख. माणिकमामा अहमदपूरच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे आक्का राहतात. आक्का म्हणजे मामांच्या आणि माझ्या आईच्या थोरल्या बहीण. त्यांची फुप्फुसे कमजोर झाली आहेत. हवेतला ऑक्सिजन नळीने पुरवणारे एक यंत्र दिवसभर त्यांच्या खुर्चीशेजारी घुरघुरत असते. आक्कांना एकदा माहूरला जाऊन रेणुकेचे दर्शन घ्यायचे होते. वर डोलीने जाता येईल, तेवढ्या वेळापुरता छोटा सिलिंडर पुरेल. पण प्रवासभर यंत्राला वीज कुठून आणायची? म्हणून मामांनी एक फिरते घर घेतले. जुन्या मिनीबसमध्ये पलंग, ओटा, संडास, एसी, आणि मागे पत्र्याच्या कप्प्यात डिझेलचा जनरेटर. गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला अहमदपूरचेच गफूरभाई.

डॉक्टरांनी परवानगी देताना एकच अट घातली, "थंडीच्या आत जाऊन या. थंडी पडली की मी सोडणार नाही."

मी नांदेडला आईकडे असते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. जनरेटरची सर्व्हिसिंग कधी करायची, हे ठरवायचे काम मामांनी माझ्याकडे सोपवले. मी माहितीपुस्तक वाचले. ठरावीक तास चालल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलायचे, आणि ते तास मोजायला एक मीटर बसवलेला. मीटर त्या आकड्याच्या जवळ आलेला होता. मी नियम केला: आधी सर्व्हिसिंग, मग माहूर.

मामा खूश झाले. "तू पण तासावर, जनरेटर पण तासावर! जमेल तुमचं."

मग त्यांनी विचारले, "एवढं शिकलीस, तर तो नेमका कधी बंद पडेल ते सांग."

"ते सांगता येत नाही मामा. बंद पडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं."

"म्हणजे हवामान खातं!"

*

गफूरभाईंचा सर्व्हिसिंगला तत्त्वतः विरोध होता. त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही इंजिनातले; घराण्याचा एक सिद्धांत ठरलेला. चालत्या मशीनला हात लावायचा नाही.

"ताई," ते मला समजुतीने म्हणाले, "सोए हुए बच्चे को कोई उठाता है क्या?"

मी म्हणाले, "पण गफूरभाई, जनरेटर झोपलेला नाही. चालू आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला. "तो फिर खेलते हुए बच्चे को कोई मारता है क्या?"

आत खुर्चीवर बसलेल्या आक्का एवढंच म्हणाल्या, "तुमचं लेकरू खेळू द्या नाहीतर झोपू द्या. मला माहूरला कवा नेताव ते सांगा."

*

लग्नसराईत मामांनी ही गाडी नवरीच्या सजण्याची खोली म्हणून द्यायला सुरुवात केली. मैदानातल्या लग्नात थंडगार खोली कुठे मिळते? मागणी वाढली. मी प्रत्येक लग्नाला किती तास जातील याचा अंदाज मांडला: केस, मेकअप, साडी, थोडी रडारड. एवढी लग्ने झाली, की मीटर भरेल आणि आपण सर्व्हिसिंग करू.

लातूरच्या एका लग्नात अंदाज कोसळला. ऊन असे, की मांडवातले पंखे गरम हवाच फिरवत होते. गाडीत एसी आहे ही बातमी आधी नवरीच्या मावशीला कळली. मग दोन्ही आत्यांना, काकूंना, आणि शेवटी नवरदेवाकडच्या बायकांना. पलंगावर, ओट्यावर, पायरीवर, जिथे जागा मिळेल तिथे बायका टेकल्या. नवरी तयार होऊन बराच वेळ झाला होता, पण तिला बाहेर पडायला वाट नव्हती!

गुरुजी माइकवरून पुकारत होते, "मुलीला आणा, मुहूर्त जवळ आला!"

वरमाय आतून म्हणाली, "दार लावा हो, गार हवा जाऊन राहिली."

शेवटी नवरीचे वडील गाडीपाशी आले. आत डोकावले. मग मागे वळून शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मंगलाष्टका इथंच म्हणा. मांडवात आता माझ्याशिवाय कोणीच न्हाई."

जनरेटर संध्याकाळपर्यंत चालला. मी मोजलेले सगळे तास त्या एकाच लग्नात संपले, आणि पुढच्या दोन तारखा आधीच दिलेल्या होत्या. मी "आता थांबा" म्हणाले. मामा म्हणाले, "पोरीच्या लग्नात दिलेला शब्द मोडता येतो का?" गफूरभाई म्हणाले, "देखा? चालतंय ना?"

*

पावसाळ्यात गाडी दारात उभी राहिली. मला वाटले, आता वेळच वेळ. पण गफूरभाई गावोगाव ट्रॅक्टरच्या कामात अडकले. मी फोनवर सांगितले, की यंत्र नुसते उभे राहिले तरी बिघडते. मधूनमधून ते चालवले पाहिजे, आणि रिकामे नव्हे, लोड देऊन.

मामा भडकले. "चाललं तरी सर्व्हिसिंग, नाही चाललं तरी काळजी! मग हे घेतलं कशाला?"

पण मुख्याध्यापकच ते, सूचना पाळली. गाडीपासून ओसरीपर्यंत वायर टाकली आणि लोड म्हणून इस्त्री लावली. इस्त्री गरम झालीच आहे तर दोन सदरे करून घेतले. त्याच वेळी गल्लीत लाइट गेली; आक्कांचे यंत्र आधी त्या वायरवर घेतले. समोरच्या जोशीबाईंनी एक साडी पाठवली. मग कोणी शाळेचे गणवेश आणले, कोणी पडदे. मामा इस्त्री करत राहिले, कारण मी "सलग चालू द्या" असे बजावले होते.

पुढच्या आठवड्यात जोशीबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "सर, आज लोड आहे का हो? पाहुणे यायलेत."

आक्कांनी मला फोन केला. "तुझा मामा धोब्याचं काम करून राहिला. थंडीच्या आत माहूर व्हतंय का त्याला कपडे देऊ?"

*

याच दिवसांत एका रविवारी, मी अहमदपूरला आणि गफूरभाईही चहाला आलेले असताना, जळकोटचे एक दूरचे भाऊजी भेटायला आले. सर्व्हिसिंगचा विषय निघताच त्यांनी हात झटकला.

"हे सगळं कंपनीवाल्यांचं खूळ हाय. आमच्या हिरीवर इंजिन व्हतं. बापानं बसवलं, मी चालवलं. कवाच उघडलं न्हाई. ऑइल संपलं तर वरून वतायचं, बस्स."

गफूरभाई उजळून निघाले. माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागले. मी सावधपणे विचारले, "अजून चालतं का भाऊजी?"

"चालत व्हतं तवर लई भारी चाललं."

"आणि आता?"

"आता त्यावर कोंबड्या बसत्यात."

गफूरभाई चहाचा कप उचलून बाहेर गेले आणि तिथेच प्याले. आल्यावर मला म्हणाले, "ताई, दिन पक्का करो. खोलतो मी."

*

दिवस ठरला खंडेनवमीचा. मी कॅलेंडर नीट पाहून तो निवडला होता. त्या दिवशी मामा गाडी कोणालाही देणार नव्हते, गफूरभाई मोकळे असणार होते, जनरेटर दिवसभर बंद राहणार होता. आणखी काय हवे?

मी नांदेडहून पहिल्या बसने नवे फिल्टर घेऊन पोहोचले. जनरेटरच्या कप्प्यावर झेंडूचा हार होता. ओसरीवर पाट मांडलेला, आणि त्या पाटावर गफूरभाईंचे सगळे पाने, पकड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर हळदकुंकू लावून ओळीने मांडलेले! हत्यारे स्वच्छ पुसून गफूरभाईंनी स्वतःच आणून दिली होती. मामांच्या घरी दरवर्षी तसेच होते.

मी म्हणाले, "पण आज सर्व्हिसिंग आहे ना?"

मामा म्हणाले, "आहे की."

"मग पाने?"

दोघांनी पाटाकडे पाहिले. दिवस ठरवताना हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. मी हळूच म्हणाले, "एक पाना उचलला तर?"

"पूजेतला?" मामांचा आवाज वर्गात घुमायचा तसा घुमला. "उद्या सोनं लुटल्यावर."

मी आशेने गफूरभाईंकडे वळले. ते मामांपेक्षाही गंभीर होते. "नक्को ताई. पूरे साल में इनको एक दिन की छुट्टी है."

उद्या गाडी अर्थातच एका कार्यक्रमाला दिलेली होती. त्या संध्याकाळी आक्का ओसरीवर शाल घेऊन बसल्या. वर्षातली पहिली शाल! ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

*

शेवटी दसऱ्यानंतर एका सकाळी गफूरभाईंनी जनरेटरचा कप्पा उघडला. ऑइल पातळ होऊन नीट उतरावे म्हणून आधी थोडा वेळ चालवला, मग बंद करून खालचा बोल्ट काढला. काळे ऑइल परातीत पडू लागले. मी शेजारी उभी. वर्षभरानंतर प्रथमच सगळे पुस्तकाप्रमाणे चालले होते.

आणि गावाची लाइट गेली.

आतून आक्कांच्या यंत्राचा बारीक इशारा वाजू लागला. मामा धावले, छोटा सिलिंडर जोडू लागले. नळी त्यांच्या हातून दोनदा निसटली. मी दारातून ओरडले, "गफूरभाई, जनरेटर!"

एका हातात जुना फिल्टर, समोर परातीत सगळे ऑइल, असे गफूरभाई माझ्याकडे पाहत राहिले. "ताई, तुम्हीच तर म्हणालात खोलो!"

त्या वेळी घरात एकच माणूस शांत होते. नाकाला नळी लावून आक्का म्हणाल्या, "धावू नका. सिलिंडर हाय की भरलेला. अन् हे इथं झालं ते बरं झालं. माहूरच्या घाटात ऑइल काढलं असतं तर?"

वर्षभर मी जो मुद्दा पटवत होते, तो त्यांनी एका वाक्यात संपवला.

गफूरभाईंनी नवा फिल्टर बसवला, ऑइल भरले, पातळी तपासली, बटण दाबले. जनरेटर चालू झाला. ओसरीची वायर पावसाळ्यानंतर गुंडाळून ठेवलेली, म्हणून आम्ही आक्कांना खुर्चीसकट उचलून गाडीत नेले, यंत्र तिथल्या बोर्डाला जोडले. ते घुरघुरू लागले. मामा पायरीवर बसले आणि बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत राहिले.

थोड्या वेळाने गावाची लाइट आली. मामा म्हणाले, "चल आक्का, घरात."

"न्हाई."

"म्हणजे?"

"म्या आता उतरत न्हाई. गाडी काढा."

मी पुढे झाले. शक्य तितक्या सौम्य शब्दांत समजावले, की सर्व्हिसिंगनंतर यंत्र लोडवर चालवून पाहावे लागते. कुठे गळती आहे का, आवाज कसा येतो, हे तपासावे लागते. त्यानंतरच दूरचा प्रवास सुरक्षित म्हणता येईल.

आक्कांनी सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "लोड म्हंजे म्याच ना? म्या बसले. भरलेले सिलिंडर किती हायत?"

"दोन."

"मग चालवून बघा वाटंतच. नांदेडपतोर मशीन चालली तर म्होरं माहूर. न्हाई चालली तर सिलिंडरवर तुझ्या आईकडं जाऊ, जेवू, अन् माघारी येऊ."

मी या नियमात दोष शोधला. प्रामाणिकपणे शोधला. सापडला नाही. मामांनी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी "आज ऊन चांगलं आहे, जा" म्हटले, आणि गफूरभाईंनी गाडी काढली.

वाटेत मी मागे बसून आवाज ऐकत होते. आक्का पडदा सरकवून कापसाची रानं बघत होत्या. मी निघताना फोन केला होता, त्यामुळे नांदेडला वळणावर आई डबा घेऊन उभी होती. गाडी थांबली, आईने खिडकीतून डबा दिला, आक्कांचा हात धरला, "पाच मिनिटं उतर तरी," म्हणाली. मलाही ते बरे वाटले. मी गफूरभाईंना म्हणाले, "थांबलोच आहोत, तर जनरेटर जरा बंद करा. ऑइलची पातळी पाहून घेते."

आक्कांनी आईचा हात सोडला आणि पुढे ओरडल्या, "गफूर, बंद करू नको रे बाबा! मशीन बंद पडली तर चालू करता येती. हिनं तपासाया घेतली की दिवाळी येती!"