मंडईच्या दिवशी घर कोण पाहील

माझं आधार कार्ड बिस्किटाच्या जुन्या डब्यात राहते. ते काढलं, पदरानं पुसलं आणि हातात धरून मी ओसरीवर येऊन उभी राहिले. दसऱ्याला सगळे जमले होते. थोरला मुलगा माझ्याजवळच गावात राहतो, धाकटा नागपूरवरून आला होता, लेक रायपूरवरून. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून जगन्नाथपुरीला जायचं ठरत होतं आणि लेक मोबाईल घेऊन एकेकाच्या कार्डाचा फोटो काढत होती.

सकाळपासून मीही त्या बेतात होते बरं का. गाडीत खायला करंज्या नको, दबून त्यांचा भुगा होते, चिवडा करू, असं मीच म्हटलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. समुद्राजवळची खोली घ्यावी की देवळाजवळची, यावर दोघं भाऊ वाद घालत होते तेव्हा समुद्राजवळची घ्या म्हणणारी मीच. वयाची सत्तरी आली, पण समुद्र मी अजून पाहिला नाही. आमच्याकडे शेताजवळच्या लहान बोड्या आहेत, मोठी मोठी तळी आहेत, पण तळ्याचा पलीकडचा काठ दिसते.

लेकीनं थोरल्याचं घर मोजलं, चार. धाकट्याचं चार. तिचं चार. मग तिच्या सासूबाईंचा फोटो मोबाईलमध्ये होताच. "झालं, तेरा," ती म्हणाली आणि मोबाईल ठेवून दिला. मी समोर उभी, हातात कार्ड.

मी विचारलं, "मले काऊन नाही मोजलं?"

थोरल्या सुनेनं पोरांना उगाच आत पाठवलं. मग थोरला म्हणाला, "आई, मधातच आपल्या गावची मंडई येते. आत्याबाई येतील, पाहुणे येतील. घर कोण पाहील? तू त तशीबी कुठं जात नाहीस."

आता मंडई म्हणजे काय, ते आमच्या भागाबाहेरच्यांना सांगायला पाहिजे. दिवाळी झाली की इकडे गावागावात एकेक दिवस मंडई भरते. दुकानं लागतात, दिवसा गावचे पुरुष ढोलकीवर दंडार नाचतात, रात्री नाटक होते. आजूबाजूच्या गावांतले सोयरे त्या दिवशी येतात, लेकी माहेरी येतात. त्या दिवशी घराला कुलूप म्हणजे त्या घरात कोणी मेलं असं लोक समजतात. म्हणून कोणीतरी घरी राहावं लागते. ते कोणीतरी म्हणजे मी. लग्न होऊन आल्यापासून मीच.

माझा राग कशाचा होता, ते त्या तिघांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, आईला पुरी पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून मला ठेवलं असतं तर मी गप्प बसले असते. पण लेकीच्या सासूचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, त्या काठी धरून चालतात, आणि त्या जाणार होत्या. त्यांना त्यांच्या लेकानं मोजलं. मला माझ्या तिघांनी चुलीत मोजलं. आणि "कुठं जात नाहीस" म्हणे! कोणी चल म्हटलं तर जाईन ना. आमच्याच गावची दंडार मी कधी धड पाहिली नाही. ढोलकी ऐकू यायची, तेव्हा मी उडदाचे वडे तळत असायची. ह्याच पोरांना त्यांचे बाबा खांद्यावर बसवून दंडार दाखवायला न्यायचे, आणि घरी आल्यावर पोरं मला नाचून दाखवायची. तेवढीच माझी मंडई.

कार्ड डब्यात ठेवलं आणि रागारागात नणंदेला फोन लावला. ती इकडच्याच गोरेगावकडे दिलेली आहे, दोन वर्षांआधी भाऊजी गेले, एकटीच राहते. म्हटलं, "बाई, यंदा मंडईले मी घरी राहत नाही. कुलूप लावून जाऊन राहिली."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे मी येऊ नको का, वहिनी?"

तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तिचा भाऊ, म्हणजे माझे मालक, गेल्यावर माझं घर हेच तिचं माहेर, आणि पोरांवरच्या रागात मी त्यालाच कुलूप लावायला निघाले होते. पण लाज वाटली म्हणून राग गेला नाही, उलट वाढला. हे कुलूप लावायची पाळी माझ्यावर आणली कोणी? मी तिला म्हटलं, "येजो. दोन दिवस आधीच येजो. आपुन दोघी दंडार पाहू."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिघांना समोर बसवलं. म्हटलं, "घर बंद नाही राहणार. तुमी राहान घरी. वडे तुमी तळान, पाहुण्यायले पाणी तुमी देसान. मंडई झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुरीले निघू, चौदा जण. नाही जमत, त जा तुमचे तुमी, मंग दिवाळीच्या करंज्याबी तुमच्या तुमीच करा."

धाकटा चिडला, म्हणाला शाळा उघडायच्या आत परत यायचं तर दोन दिवस कमी मिळतात. मिळू दे कमी. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिकिटं जावयानं बदलली आणि त्याच्या आईनं रायपूरवरून फोन करून मला सांगितलं, बरं केलं विहीणबाई. पण थोरल्याच्या मुलीनं मला वाचून दाखवलं, घरच्या ग्रुपवर तिच्या काकानं, धाकट्यानं, लिहिलं होतं, "आईचा हट्ट, काय करता." हट्ट! आयुष्यभर त्यांचे पुरवले त्याला नाव नाही, माझा एक निघाला तर लगेच नाव.

मंडईच्या दिवशी नणंद आणि मी जेवण होताच निघालो. ती नवं लुगडं नेसली होती. पिंपळाखाली दंडारीच्या अगदी समोर बसलो, शिंगाडे सोलून खात. नाचणारा एक म्हातारा माझ्या वयाचा होता आणि काय नाचत होता! नणंद हसून हसून खोकायला लागली.

इतक्यात फोन वाजला. थोरला. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी जोरात काहीतरी मागत होतं. "आई, पाहुणे बसले आहेत. धन्याचा डबा कुठं आहे?"

"जिथं राहते तिथंच," मी म्हटलं.

त्याला माहीत नव्हतं. त्या घरात जन्मला, तिथंच वाढला, आणि त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. फोन पिशवीत टाकला. पिशवीत आधार कार्ड होतं, ते सकाळीच घेऊन ठेवलं होतं. उद्याची गाडी होती. नणंद म्हणाली, "जायचं का घरी, वहिनी?"

म्हटलं, "शिंगाडे संपू दे."