पंखा बंद करणारे सर

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये मी गणित शिकवायचो आणि प्लायवूडच्या अर्ध्या भिंतीपलीकडे नेटवर्किंगचे सर. पिंग शिकवताना ते म्हणायचे, "एका मशीनवरून दुसरीला हाक मारायची, अन् ओ देती का बघायचं." मग पंखा बंद करायचे आणि हात वर करून पोरांना गप्प करायचे. उत्तर तर पडद्यावर उमटतं, त्याला आवाज कसला? मला हसू यायचं. पुढं कळलं की त्र्याण्णवच्या भूकंपात ते ढिगाऱ्यांवरून हाका मारत, कान देत फिरले होते; ओ आली नाही की पुढच्या ढिगाऱ्याकडे जायचे. तेव्हापासून त्यांचा हात वर गेला की माझाही खडू थांबायचा.

एकदा पिंगच्या चारही हाकांना उत्तर आलं नाही. एक पोरगी म्हणाली, "सर, ती मशीन बंद हाय."

"बंद हाय म्हणू नको. आपल्याला ओ आली न्हाई, एवढंच म्हण." असं म्हणत ते जवळजवळ पळतच पलीकडच्या खोलीत गेले. आम्हीही मागोमाग गेलो.

मशीन चालू होती. नुसती केबल निसटली होती.

पोरं हसली. सर मात्र तिथंच फरशीवर बसले आणि पुटपुटत राहिले, "चालूच होती की. चालूच होती."