पोटातली राखण

डहाणूच्या बाजारात, भर सकाळी, मटणाच्या दुकानापुढे पांढरं पातळ नेसलेली एक बाई बकऱ्याच्या पोटातली चरबीची जाळी दोन्ही हातांवर पसरून लोकांना दाखवते आहे, हे पाहिलं आणि माझी बोबडीच वळली. शेजारचा गुजराती वाणी तोंड फिरवून "अरे बेन, आ शुं करो छो?" म्हणत होता. पण खरा धक्का पुढेच होता. ज्यांच्या दवाखान्यात मी त्या दिवशी नर्स म्हणून रुजू होणार होते, त्या डॉक्टरीणबाई याच!

"घाबरतेस काय? हे तुझ्याही पोटात आहे," ही त्यांची माझ्याशी पहिली ओळख.

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत या जाळीला वपा म्हणतात, बाई तिला राखण म्हणायच्या. पोटाचं कुठलंही दुखणं घेऊन या, आधी राखणीची गोष्ट ऐकावी लागे. "जठराच्या खालच्या कडेला ही शिवलेली असते. तिथून आतड्यांवर पदरासारखी खाली सुटते, परत वर वळते आणि मोठ्या आतड्याला चिकटते. चरबी साठवते, ऊब देते. पण तिचं खरं काम वेगळंच. पोटात कुठे सूज आली, भोक पडलं, की ही तिथे जाऊन चिकटते आणि घाण पसरू देत नाही." पेशंट तोंडाचा आ करून ऐकायचे. पोटात आपल्या नकळत असं काही हिंडतं, या कल्पनेनेच काहींना घाम फुटे.

आडपडदा हा प्रकार बाईंना ठाऊकच नव्हता. जगणार असेल तर जगणार, नसेल तर नाही, नातेवाइकांच्या तोंडावर सांगायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, जरा सांभाळून सांगावं." तर माझ्यावरच उखडल्या, "सांभाळून म्हणजे खोटं ना?"

त्यांना सगळ्यात जास्त चीड होती ती पोट चोळण्याची. पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणायचं आणि गरम तेलाने चोळायचं, ही किनाऱ्यावरची घरोघरची रीत. "आत ती बिचारी जीव खाऊन भोक धरून बसलेली असते आणि वरून तुम्ही तिचा हात सोडवता!" असं ओरडताना त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जाई.

चिखले गावचा एक तरणा तांडेल, मासेमारी होडीचा म्होरक्या, असाच आला. अपेंडिक्स सुजलेलं, उजव्या अंगाला लिंबाएवढी गाठ. बाईंनी बोटांनी हलकेच चाचपलं आणि म्हणाल्या, "कापायचं नाही. राखणीने वेढून टाकलंय. पेनिसिलीन द्यायचं, निजवून ठेवायचं आणि वाट बघायची." तांडेलाची आई चकित झाली. "बाय, तू डाक्टर ना? मंग कापत का नाय? माजा पोऱ्या मरंल ना!" बाईंनी म्हातारीला जवळ बसवून तिला सगळं पुन्हा सांगितलं. पोटाला हात लावायचा नाही, हे तिच्याकडून वदवून घेतलं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, गाठही लहान होऊ लागली. तांडेल होडीच्या गोष्टी बोलू लागला.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी नेहमीप्रमाणे तलासरीला पेशंट बघायला गेलो. परत आलो तर दवाखान्याचं दार उघडताच खोबरेल तेलाचा वास आला. तांडेल पांढराफटक पडला होता, पोट फळीसारखं कडक. उशाशी म्हातारी तेलाची वाटी घेऊन बसलेली. "कण्हत होता गो. मना बोल्ला, आये, जरा चोळ. मंग मी हलक्या हातानं..."

मला वाटलं, बाई आता या म्हातारीला फाडून खाणार. त्यांनी तिच्या हातातली वाटी काढून बाजूला ठेवली. आम्ही त्याला टेबलावर घेतलं. पोट उघडलं तेव्हा सगळीकडे पू झालेला. बाईंनी राखणीचा तो पिवळा पदर चिमट्याने उचलला. त्याची कड ताजी सुटलेली होती, लालभडक. "आजच सुटलीय," त्या मला म्हणाल्या. करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तांडेल गेला.

म्हातारी रडली नाही. स्वतःचे तळवे पुढे करून तिने बाईंना विचारलं, "बाय, खरा सांग. माज्या हातानं गेला का माजा पोऱ्या?"

आता बाई सांगणार, सगळं सांगणार, अगदी कड कशी दिसत होती तेसुद्धा.

"नाही गं आजी," बाई म्हणाल्या. "तू हात लावलास त्याच्या आधीच ते फुटलं होतं. म्हणून तर तो कण्हत होता."

म्हातारीने मान हलवली. दाराशी दोन पोरं घेऊन उभ्या असलेल्या सुनेकडे गेली आणि धाकट्याला तिने कडेवर घेतलं.

मी हादरले होते. सासू-सून लांब गेल्यावर कसंबसं विचारलं, "बाई, तुम्ही?"

बाई म्हातारीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, ती दोन पोरं तिला याच हातांनी वाढवायचीत आता."